विनाअडथळा

आंदर मावळात मी खोली घेतली ती शांततेसाठी. घरमालकीण मावशी सकाळच्या पहिल्या एसटीनं कामशेत, तिथून रेल्वेनं लोणावळा, असं करत खंडाळ्याच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला जायची. "तुमी काय करता वो?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. मी बेसावधपणे म्हणाले, "सुपरकंडक्टरवर काम करते." एवढीच चूक झाली.

मी खरं करते ते असं. धातूची एक पातळ फीत असते. ती भयंकर थंड केली की तिच्यातून वीज विनाअडथळा वाहते. पण कुठंतरी एखादा ठिपका तापला की तिथं अडथळा उगवतो. अडथळ्यानं ती जागा आणखी तापते, मग अडथळा आणखी वाढतो. याला क्वेंच म्हणतात. बाकीच्या फितीला याचा पत्ताच नसतो, आणि आपल्याला कळेपर्यंत तेवढी जागा जळून गेलेली असते. तो ठिपका वेळेत कसा ओळखावा, हे शोधायला मी दिवसभर संगणकावर खोट्या फिती जाळत बसते.

गावानं यातलं 'कंडक्टर' तेवढं उचललं. साध्या कंडक्टरच्या वर सुपर कंडक्टर, आणि ही बाई तर घरबसल्या पगार घेते, म्हणजे फारच वरची असणार.

अशात पहिली गाडी बंद झाली. प्रवासी मिळत नाहीत, असं कारण कळलं. मावशी कामशेतपर्यंत पायी जाऊ लागली आणि रोज उशिरा पोचू लागली. बंगल्याच्या मालकिणीनं बजावलं, हे असंच चाललं तर दुसरी बाई बघते. मावशीच्या घरात दुसरी मिळकत नव्हती. ती माझ्याकडं नुसती बघायची. बोलायला शेजारचे आबा होते.

"एवढ्या वर असून आपल्याच गावची गाडी बंद? शोभतं का तुमाला, ताई?"

मी त्यांना फितीचा तुकडा आणून दाखवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. "तिकिटाची पट्टी व्हय ही?"

शेवटी आबांनी मला डेपोत नेलंच. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कोण आपण?"

"सुपर कंडक्टर हायती," आबा म्हणाले.

साहेब ताडकन उभे राहिले. नवनवी पदं वरून निघतच असावीत. त्यांनी स्वतः खुर्ची पुसली आणि चहा सांगितला.

"अहो, मी बसमधली नव्हे!" मी जवळजवळ ओरडलेच. "माझं काम विनाअडथळा वहनाचं आहे."

"म्हणजे विनावाहक?"

"वाहक असतो हो. अडथळा नसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठंही नाही!"

साहेबांचा चेहरा उजळला. "आलं लक्षात, मॅडम. उद्यापासून सुरू करतो."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. परतताना मी आबांना भजी खाऊ घातली.

सकाळी सगळा गाव फाट्यावर जमला. मावशी पिशवी घेऊन सगळ्यांच्या पुढं. पलीकडच्या वाडीहून गाडी आली. काचेवर नवी पाटी होती: विनाथांबा. गाडी आमच्यासमोरून तशीच निघून गेली. मावशीचा वर केलेला हात तसाच राहिला.

"झ्याक गाडी दिली वो तुमी," आबा म्हणाले.

मावशीनं चप्पल नीट केली आणि चालायला लागली. मला रडू आलं, आणि तेवढाच संतापही.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. मी हलले नाही. शेवटी ब्रेक करकचले.

"विनाथांबा आहे, दिसत नाही?" तो लालबुंद झाला होता.

"दिसतं ना. मी थांबा नाहीच, मी अडथळा आहे."

तेवढ्यात मावशी चढली.

आता हे रोजचंच झालंय. ड्रायव्हर रोज तापतो, डेपोत कुणाला पत्ता नाही, आणि मावशी वेळेवर खंडाळ्याला पोचते. मग मी घरी येऊन फितीतला अडथळा शोधायला बसते. गाडी सुटताना मात्र मावशी खिडकीतून न चुकता ओरडते, "उद्या बी उभं ऱ्हायचं बरं का, ताई!"