ताराभाभींची अठ्ठाई

रोज सकाळी साडेनऊला मी गॅलरीत उभा राहून नांदीच्या दोन ओळी म्हणतो. वय एकोणऐंशी, आवाज कधीचाच गेलेला. दूधवाला लोटन खालून विचारतो, "नाना, तुम्ही गाना म्हंतस का कावळा हाकलतस?" भरल्या थिएटरला करावा तसा वाकून मी त्याला नमस्कार करतो. ती नांदी कोणासाठी आहे, हे त्याला ठाऊक नाही.

ती समोरच्या घरातल्या तारादेवींसाठी. मी त्यांना भाभी म्हणतो. आमची नाटक मंडळी खानदेशभर हिंडायची, तेव्हा नायिकेचा शालू त्यांचे यजमान अभयकुमार शेठजी आपल्या दुकानातून द्यायचे. भाडं विचारलं की म्हणायचे, "पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेव, बस." असा दिलदार माणूस अकरा वर्षांपूर्वी सहा महिन्यांत वाळून गेला. शेवटी निदान झालं, एचआयव्ही. मग भाभींचं रक्त तपासलं. त्यांनाही होता. मुलगा अखिल तेव्हा पुण्यात शिकत होता. त्याला कावीळ सांगितली. खरं जळगावात दोघांनाच माहीत, भाभींना आणि मला.

उपचार जळगावातही होतात, पण तिथे ओळखीचं कोणी भेटेल म्हणून भाभींनी धुळं धरलं. "भाचीकडे जाते," असं सांगून त्या एसटीत बसायच्या आणि मी दोन बाकं मागे. गोळी रोज एक, ठरलेल्या वेळी. बाटली त्या जुन्या शालूच्या घडीत. विसर पडू नये म्हणून आम्ही खूण ठरवली होती. माझी नांदी झाली की त्यांनी गोळी घ्यायची आणि खिडकीत तांब्या ठेवायचा. अकरा वर्षांत तांब्या एकदाही चुकला नाही. अंग भरलं, चेहऱ्यावर तजेला आला. मागच्या तपासणीला समुपदेशक कुंदाबाई म्हणाल्या, "रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी झालाय. ही रोजच्या गोळीची कमाल, बरं का." भाभींच्या मनात "सापडत नाही" एवढंच राहिलं.

जैनांचं पर्युषण आलं. सून रिद्धी दरवर्षी अठ्ठाई करते. आठ दिवस उपवास, फक्त उकळलेलं पाणी आणि तेही सूर्यास्ताच्या आत. भाभी मात्र दरवर्षी ॲसिडिटीचं कारण सांगून सुटायच्या. यंदा स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, कोणीतरी टोमणा मारला, "तपस्या काय सुनेनंच करायची?" दुसऱ्या दिवशी भाभींनीही सुनेच्या शेजारी बसून पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचा नेम घेतला.

मी निश्चिंत होतो. रोज तांब्या दिसत होता.

सहाव्या दिवशी साता विचारायला, म्हणजे तपस्या करणाऱ्यांची खुशाली घ्यायला गेलो. घर बायकांनी भरलेलं. रिद्धीचे डोळे खोल गेले होते, तरी ती कौतुकानं म्हणाली, "नाना, मम्मीजींनी कमाल केली! सहा दिवस पाण्याशिवाय पोटात काही नाही. काल डोकं फुटायची वेळ आली होती, साधी गोळीसुद्धा घेतली नाही!"

रंगमंचावर दुसऱ्याचं वाक्य अडलं तर मी सावरून घ्यायचो. इथेही सवयीनं 'वा, वा' म्हणून वेळ मारून नेली. बायका स्वयंपाकघराकडे वळल्या तसा मी भाभींच्या पाटाजवळ बसलो.

"भाभी, तांब्या रोज दिसला."

"तांब्याच दिसला, नाना."

"आणि गोळी?"

"नेम मोडला असता."

"कोणाला विचारलंत?"

"कोणाला विचारू? 'कसली गोळी' म्हणून नाही विचारणार?"

"भाभी, तो सापडत नव्हता. मेला नव्हता!"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अकरा वर्षं त्या बायकांत बसून खोटं बोलते, नाना. एकदा तरी त्यांच्यासारखं व्हायचं होतं."

मी त्यांचे पाय धरले. रंगमंचावर शेकडो वेळा पाय धरले, पण तेव्हा पडदा पडणार हे माहीत असायचं. तेवढ्यात रिद्धी पाणी घेऊन आली. मी कपाळ टेकवून म्हणालो, "तपस्वींचं दर्शन घेतोय, बेटा." ती हसली.

त्या दुपारी भाभी स्थानकातल्या साध्वी महासतीजींकडे गेल्या आणि एकांत मागून पहिल्यांदाच सगळं बोलल्या. महासतीजी म्हणाल्या, "पच्चक्खाणाच्या शब्दांतच आजाऱ्याच्या औषधाला सूट आहे. दरवर्षी कानावर पडतं, अर्थ कोणी विचारत नाही. आणि तुमच्यासारख्या प्रकृतीनं आठ दिवस उपाशी का राहावं? ही गोष्ट माझ्यापाशीच राहील." भाभींनी घरी येऊन उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घेतली आणि दुसऱ्या सकाळी मुगाच्या पाण्यानं पारणं केलं. स्थानकात पुन्हा कुजबुज झाली.

लगेच धुळं गाठलं. कुंदाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नुसते डोळे मिटले, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. रोज एकच. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. ॲसिडिटीचं किंवा कॅल्शियमचं औषधही न विचारता या गोळीबरोबर नको."

"तो परत वाढला असेल?" भाभींनी विचारलं.

"वाढला असेल तर गोळीनं पुन्हा दबेल अशी आशा आहे. पण अशा खंडांनी तो औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. काही आठवड्यांनी रक्त तपासू, तेव्हा कळेल."

परतताना पारोळ्याला भाभी माझ्या शेजारी येऊन बसल्या. "नाना, तुम्ही गेलात की मला नांदी कोण म्हणणार?"

"रिद्धीला सांगा, भाभी."

एरंडोल आलं तशा त्या उठून पुन्हा दोन बाकं पुढे जाऊन बसल्या.

तपासणी अजून व्हायची आहे. आता आमच्यात तांब्या चालत नाही. भाभी खिडकीत उभ्या राहून लहान मुलासारखी जीभ काढतात, गोळी दाखवतात आणि गिळतात. काल गोळी जिभेवर असतानाच मागून रिद्धी आली. भाभींनी तोंड मिटलं आणि पडदा ओढला. गोळी पोटात गेली की पदरात, कळेना. मी नांदी पुन्हा म्हटली. मग पुन्हा. खाली लोटन हसून हसून सायकलवर रेलला होता. पाचव्यांदा आवाज फाटला, तेव्हा पडदा तसूभर सरकला आणि भाभींनी रिकामी जीभ दाखवली.