बारीक कर रं जरा

आमच्या घरात पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव असायलाच हवं, असा नियम होता. ज्या कागदाला नाव नाही तो कागद नव्हे, कुजबुज, असं पत्रकं काढणारे बाबा म्हणायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. पुढं माणसंही त्याच मापानं मोजायला लागले.

म्हणून मुकुंदवाडीतल्या माझ्या मित्राचं नाव कुठंच नसणं मला पहिल्यापासून खुपायचं. तो हिप-हॉपचं संगीत बनवतो. रॅप करणारे दुसरेच, व्हिडिओत चेहरा त्यांचा. खालचा ठेका, बास, सगळं ह्याचं. त्याचे ठेके नाशिक-नागपूरपर्यंत गेले, गल्लीत मात्र तो लग्नात डीजे लावणारा. 'प्रोड्यूसर आहे' म्हटलं की नातेवाईक विचारत, पिक्चर कधी येतोय?

त्याची खूण एकच. ठेका सुरू व्हायच्या आधी एका बाईचा वैतागलेला आवाज येतो, "बारीक कर रं जरा." ती त्याची आई. खालच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करताना ती वर ओरडायची, आणि एकदा रेकॉर्डिंग चालू असताना ते आत आलं. त्यानं ते तसंच ठेवलं. ह्या धंद्यात त्याला टॅग म्हणतात. माझ्या लेखी ती छापणाऱ्याच्या नावाची ओळ होती.

मग पुण्याच्या एका कंपनीनं त्याचं गाणं घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं काम मोठ्या ठिकाणाहून बाहेर पडणार होतं. अट एवढीच की सुरुवातीचा तो आवाज काढा, घरगुती वाटतो. त्यानं मला हे टीव्ही सेंटरच्या चौकात चहा पिताना सांगितलं आणि वर म्हणाला, बघतो काहीतरी.

ते 'बघतो' मला सहन झालं नाही. घरी आले, बसवेना. गच्चीवर येरझाऱ्या घातल्या, पुन्हा खाली आले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पोस्ट टाकली. शिवणाऱ्या बाईचा आवाज पुसून तिच्या पोराचं संगीत विकणारी कंपनी, असं पहिलंच वाक्य. कंपनीचं नाव, गाण्याचं नाव, सगळं लिहिलं. पोस्ट भराभर पुढं गेली. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. संध्याकाळी कंपनीनं कळवलं की हे गाणं आता आम्ही करत नाही.

तो फोन उचलेना. सकाळी त्याच्या आईला विचारलं, तर म्हणाली पाचोडला हळदीला गेलाय, सामान घेऊन. मी एसटी पकडली.

मांडवामागं स्पीकरच्या टेम्पोला टेकून तो उभा होता. त्यानं हेडफोन माझ्या हातात दिला. गाणं थेट ठेक्यावर सुरू झालं. आई नव्हती.

"म्हणजे काढलंसच?"

"नीट ऐक, पत्रकबाई. चौथ्या ठोक्याला जे वाजतंय ना, ते आईचं 'कर'. बासमधला तो खर्ज तिचा 'रं' हाय, ताणून ताणून."

मी पुन्हा ऐकलं. सांगितल्यावर ती सगळीकडं होती. तिच्या वाक्याचे तुकडे करून त्यानं अख्खं गाणं बांधलं होतं. काल सकाळी हेच त्यानं कंपनीला पाठवलं, अकराला त्यांचा होकार आला. मला सांगायला तो फोन लावत होता, तेव्हा मी पोस्ट लिहीत होते म्हणून उचलला नव्हता.

माफी मागायची सोडून मी वाद घातला. लपून राहणं म्हणजे हारच, उद्या तुला कोण ओळखेल, वगैरे. तो ऐकून घेत होता. मांडवातून कुणीतरी ओरडलं, डीजेवाले, हळद लागली ना, लावा की काहीतरी. व्हय लावतो, म्हणून त्यानं गाणं लावलं आणि माझ्याकडं वळला.

"माझ्या आईला कुठं ठिवायचं, ते मी ठरवीन का तू?"

मग तो कामाला लागला. बायका नाचत होत्या, मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

परतीच्या एसटीत आडूळ गेल्यावर मी पोस्ट काढून टाकली. तेवढ्यानं कंपनी परत येणार नव्हती, आलीही नाही. काढून झाल्यावर लक्षात आलं, हेही मी त्याला विचारलं नव्हतं.