नवीन पेशंट घ्यायचा नाही

"उद्या पोलादपूरहून एक पेशंट येतोय. पॅरालिसिस आहे. बेड तयार ठेवा," सर म्हणाले.

"आत्ता नाही घेता येणार, सर," स्नेहल म्हणाली.

मी ड्रेसिंगची ट्रॉली आवरत होते, ती सोडून मागे वळले. महाडजवळच्या आमच्या वृद्ध शुश्रूषा केंद्रात मालकांना असं कोणी बोलत नसे.

स्नेहल नवी नर्सिंग इन्चार्ज. म्हणजे नर्स आणि केअरटेकर यांच्या ड्युट्या लावणारी, सगळ्या पेशंटच्या देखभालीला जबाबदार. ती खुर्ची मला मिळणार, असं मी धरून चालले होते. केंद्र सुरू झाल्यापासून मी तिथे. म्हाताऱ्या माणसाची नाजूक शीर कशी शोधायची, हे स्नेहलला मीच शिकवलं. पण ती बीएस्सी, मी जीएनएम डिप्लोमावाली. तिच्या टेबलावर नावाची पाटी लागली, त्या दिवशी तिने दिलेला पेढा मी पर्समध्ये तसाच ठेवला. आधी ती मला सुमनताई म्हणायची. इन्चार्ज झाल्यावर सिस्टर म्हणू लागली. तेही टोचायचं.

"का नाही?" सरांनी विचारलं.

"पार्वतीआजींना बेडसोअर झालाय, सर. मजल्यावर एकच केअरटेकर आहे. दुसरी मिळेपर्यंत नवीन पेशंट नको."

बेडसोअर म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. औषधापेक्षा कूस बदलणं महत्त्वाचं, आणि त्याला माणसं लागतात.

सर माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही इतकी वर्षं निभावलंत. तुम्ही घ्याल जबाबदारी? मग इन्चार्जचाही परत विचार करू."

स्नेहल खाली बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण सकाळीच मी त्या पाचाडच्या पार्वतीआजींचं ड्रेसिंग केलं होतं. "पाठ जळते गो," त्या म्हणाल्या होत्या, "वळवायला कोण येतच नाय."

"नाही जमणार, सर," मी म्हटलं. "मॅडम बरोबर बोलतायत."

'मॅडम' म्हणताना जीभ जड झाली.

सर निघून गेले. तो पेशंट दुसरीकडे गेला. बरेच दिवस सर आमच्याशी कामापुरतंच बोलत होते. मग मजल्यावर दुसरी केअरटेकर आली. आजींची जखम हळूहळू भरली.

माझा जळफळाट मात्र वाढला. आधी तिची डिग्री सलत होती, आता तिचं ते 'आत्ता नाही घेता येणार' सलायला लागलं. ते माझ्या तोंडून का नाही निघालं?

पुढे पोलादपूरला सरांचं दुसरं केंद्र निघालं. मी इन्चार्जसाठी अर्ज केला. इंटरव्ह्यूला सरांनी विचारलं, "तिथेही पेशंट नाकारणार का?"

"माणसं कमी असली तर हो," मी म्हटलं.

सरांनी तोंड आंबट केलं, पण पोस्ट दिली.

इन्चार्जचं निम्मं काम पेशंटच्या बेडजवळ नसतं, मालकाच्या केबिनमध्ये असतं. स्नेहलला ते माझ्याआधी कळलं, याचा मला अजून राग येतो.