गंजू न दिलेला कीस

बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली असतील. उंब्रजजवळच्या आमच्या घरी गोबर गॅस आला तो आत्याबाईंसाठी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दमा होता, आणि चुलीत जळायचं उसाचं पाचट. मामंजी लष्करातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. बायकोशी चार गोड शब्द बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, पण परड्यातला गॅसचा खड्डा त्यांनी एकट्यानं खणला. एवढी माया असलेला माणूस बोलत का नाही, याचा मला तेव्हा राग यायचा. मी तरी कुठं बोलत होते!

आमच्याकडं सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही रीत. चहा ठेवायचा, पदर ओढायचा, मागं सरायचं. काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंच्या तोंडून. नवरा सरहद्दीवर होता.

सांगलीहून मिस्त्री आले त्या दिवशी मामंजी पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले होते. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत लोखंडी नळी टाकून झाल्यावर मिस्त्रींनी मधे एक डबा जोडला आणि लेथवरचा लोखंडाचा कीस पाटीभर माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "वैनी, ह्यावर पाणी शिंपडा आन् उनात पसरा. चांगला लाल गंजला की मग डब्यात भरा. ह्या गॅसला कुजक्या अंड्यागत वास येतोय न्हवं, त्यो वायू नळी आतनं खातो. डब्यातला गंज त्येला धरून ठेवतो. काळा पडला की परत उनात टाका, परत कामाला येतोय. औषध नगं, रसायन नगं, टाकीतनं निघून शेतात जाणाऱ्या शेणाच्या मळीलाबी बाधा न्हाई."

मी सातवी शिकलेली. डब्यात गंज ठेवला तर नळी गंजत नाही, हे मला लगेच पटलं.

मामंजी परत आले आणि पाटीत लाल पडायला लागलेला कीस बघून भडकलेच. निवृत्तीनंतरही दर रविवारी पट्ट्याचं बकल घासणारा माणूस तो. त्याच्या घरात गंज! कीस डब्यात भरायचा, एवढंच त्यांना आत्याबाईंकडून कळलं होतं. त्यांनी सगळा कीस रॉकेलनं धुतला, बंदुकीला लावायचे तसं तेल चोळलं आणि लखलखीत करून डब्यात भरला. मी दाराआड उभी होते. तेल लागलेला कीस गंजणार कसा, आणि तो वायू धरणार तरी कसा?

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय गं, सांगते की. पर आत्ता नगं, रागात हायती." आत्याबाईंनी उभा संसार असाच वेळ बघून केला होता. मग निळी ज्योत पेटली, भाकरी टम्म फुगली, आत्याबाई बिनधुराच्या घरात बसून पोरीसारख्या हसल्या, आणि सांगायचं राहून गेलं. दर पंधरवड्याला मामंजी कीस काढून नव्यानं तेल लावायचे.

दोन पावसाळे बरे गेले. मग ज्योत बारीक व्हायला लागली. त्याच सुमारास मला पहिल्या बाळंतपणाला कडेगावकडं माहेरी नेलं. तिथून पत्र लिहायचं सुचलं नाही, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. खोटं आहे ते. सुचलं होतं. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, पत्र मामंजीच वाचणार, म्हणून लिहिलं नाही.

तीन महिन्यांचं लेकरू घेऊन परतले तर स्वयंपाकघराच्या भिंती काळ्या झालेल्या. गॅस बंद, आत्याबाई पुन्हा पाचटाच्या धुरात. "आलीस व्हय, लय बरं झालं," एवढं बोलायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला. पंधरा दिवसांत कराडच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. त्या धुरानंच गेल्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मी म्हणते.

तेराव्यानंतर मामंजींनी नळी उतरवली आणि दगडावर आपटली. आतून नळी तुंबवून बसलेले ओंजळभर काळे पापुद्रे पडले. डबा उघडला तर कीस तसाच लखलखीत. ते कितीतरी वेळ दोन्हीकडं बघत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, "एवढं जपलं, तरी कसं झालं?"

मी लेकराला घेऊन उंबऱ्यात उभी होते. मधे पडून सांगणारं माणूस आता घरात उरलं नव्हतं.

"कीस गंजू द्यायचा हुता, मामा," मी म्हणाले. लग्नानंतर त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. मग मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं.

"तुला कवापासनं ठावं हाय?"

"पयल्या दिसापासनं."

ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "आन् तिला?"

"त्यास्नीबी ठावं हुतं. तुमाला सांगायला भ्याल्या."

मामंजींनी डबा खाली ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "माजं एवढं भ्या वाटायचं व्हय गं तिला?"