गजाभाऊने बसवलेले ब्रेक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लोणारला शाळेत वह्या तपासत होते. "तुमचे भाऊ गेले," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... जानेफळला पोहोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. माझा थोरला भाऊ, गजाभाऊ, सकाळी चहा पिऊन गाडी पुसायला गेला, चाकाशी खाली बसला तो उठलाच नाही. पन्नाशीही गाठली नव्हती त्याने. आता दीड महिना होईल.

भाऊकडे पिकअप होती. खामगावच्या बाजारात माल न्यायचा आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गावातल्या बायांना शेतावर सोडायचं, हे त्याचं काम. काही वर्षांपूर्वी एका दुपारी उतारावर ब्रेक लागेनात. मागे अकरा बाया बसलेल्या. गिअर पाडत पाडत त्याने गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. सगळ्या वाचल्या, पण शेजारच्या शांतामायचा उजवा हात मोडला. तिने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त हात बरा झाल्यावर ती वेचणीला पायी जाऊ लागली. भाऊ रोज सकाळी दारात उभा राहून तिला जाताना पाहायचा. गाडीला त्याने हात लावणं सोडलं, आणि ताटावर बसला तरी बोलायचा नाही.

मग खामगावहून तो खोकी घेऊन आला. पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे, ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टरही मोठा टाकायचा. वहिनीने गॅरेजला द्या म्हणून विनवलं. ओळखीच्या मिस्त्रीकडून त्याने सगळं दोन-दोनदा समजून घेतलं, पण पाने स्वतःच चालवले. मी दिवाळीला माहेरी आलेली. चार दिवस गाडी अंगणात ठोकळ्यांवर उभी होती आणि आमचे फराळाचे डबे ओट्यावर तसेच. शेवटच्या दिवशी ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायची होती, म्हणून पेडल दाबायला त्याने मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"दाब... धरून ठेव. मी म्हनीन तवाच सोड."

माझा पाय दुखायला लागला आणि मी मधेच सोडला. हवा परत आत शिरली, तासाभराची मेहनत गेली. आता ओरडेल असं वाटलं. तो चाकाजवळून उठून आला, फडक्याने हात पुसत राहिला.

"त्या दिवशी माहाबी पाय असाच खाली गेला होता. रिकामा." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. त्या अपघाताबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. मी पुन्हा पेडल दाबलं, आणि त्याने सांगेपर्यंत सोडलं नाही.

आधी रिकामी, मग पोती भरून, आठवडाभर त्याने त्याच उतारावर गाडी थांबवून पाहिली. नंतर तो शांतामायच्या दारात गेला. मी सोबत होते.

"तू पुढं बस. उतारावर तीनदा थांबवतो. भेव वाटलं तं गाडी इकून टाकतो."

तिने पदर खोचला आणि पुढे येऊन बसली. पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्यांदा उघडे होते. खाली सपाटीला आल्यावर म्हणाली, "चाल आता, कापूस वाट पाहून राह्यला." त्या दिवशी भाऊ घरी येऊन पोटभर जेवला.

मागच्या रविवारी मी पुन्हा जानेफळला गेले. गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक लागलं होतं, म्हणून तिचं सामान काढायला वहिनीने सामानाची खोली उघडली. भिंतीवर खडूने भाऊच्या अक्षरातल्या नोंदी होत्या, मी कधी न पाहिलेल्या. ऑइल बदलले. पुढचे पॅड नवीन. प्रत्येकीसमोर बरोबरची खूण. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'मागच्या ब्रेकचे लायनर पाहणे.' त्याच्यापुढे खूण नव्हती...

वहिनी त्या ओळीसमोर उभी राहिली. मग तिने गिऱ्हाइकाला फोन लावून या आठवड्यात येऊ नका म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं असावं.

"मांगचे ब्रेक पाह्याचे राह्यले," ती म्हणाली. "ते झाल्याबिगर मी गाडी देत नाही."

मिस्त्रीचा नंबर लावायला तिने फोन माझ्या हातात दिला.