दुसऱ्याने बांधलेली पट्टी

डोंगरकडा गावच्या गंगाबाईवर अन्याय झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळच्या न्याहारीपासून दुपारपर्यंत. तेवढ्या वेळात तिचा डावा हात गेला.

आदल्या संध्याकाळी बैलाने हिसडा दिला, बाई पडली आणि मनगटाच्या वर हाड मोडलं. गावचे जुने हाडवैद्य भुजंगअण्णा. त्यांनी हाड बसवून बांबूच्या कामट्या लावल्या, वर पट्टी बांधली आणि पहाटेच शेजारच्या गावी दुसऱ्या पेशंटकडे गेले. सकाळी बाईचा दीर किसन तिला माझ्या ओट्यावर घेऊन आला. मीही हाडवैद्य. त्याच गावात, बाजाराच्या तोंडाशी.

"रातभर डोळा न्हाई लागला तिचा," किसन म्हणाला. "अण्णा न्हाईत म्हणून तुमच्याकडं आलो."

अण्णा नाहीत म्हणून! माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा.

मी बोर्ड रंगवून घेतला होता. त्यावर टाइम लिहिला होता. पेशंट नंबराने घ्यायचे असं ठरवलं होतं. दोन नंबर कधी लागलाच नाही. अण्णांच्या ओसरीखाली मात्र जोडे काढायला जागा नसे. बोर्ड नाही, टाइम नाही. ते काय करतात हे मी आडून पाहून आलो होतो. मांडी मोडलेला नवा माणूस आला, की मांडी मोडून बरा झालेला माणूस ते त्याच्या शेजारी बसवत. अर्धं काम तो बरा झालेलाच करी. आठव्या दिवशी पेशंट फिरकला नाही तर अण्णा स्वतः त्याच्या घरी जात आणि त्याच्या बैलांचीही नावाने चौकशी करत. प्रॅक्टिस अशी चालते हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त जळत होतं.

म्हणून मी हँडबिल काढलं. आमच्या धंद्यात रिवाज आहे: एकाने बांधलेली पट्टी दुसऱ्याने सोडायची नाही. पण हाड मोडल्यावर सूज मागाहून चढते. पट्टीत तिला जागा ठेवली नाही तर रक्त अडतं, बोटं निळी पडतात. अशा वेळी बांधणाऱ्याची वाट पाहणं हा गुन्हा आहे, असं मी ठणकावून छापलं. छपाई वाशीमची. येताना हद्दीवर, कनेरगावच्या नाक्यावर, निजामाच्या शिपायांनी गठ्ठा उलगडला आणि मोडक्या हाताचं चित्र पाहून हसत सोडून दिला. हँडबिलात नाव कोणाचंच नव्हतं. रोख कोणावर होता ते गावाला कळलं.

आणि आता अण्णांचीच पट्टी माझ्यापुढे होती. बोटं निळी, टम्म फुगलेली. मी नख दाबलं. ते पांढरं पडलं आणि पांढरंच राहिलं. कात्री हाताशी होती.

मी ती उचलली नाही. इथे सोडली तर पाहणार कोण? एकटा किसन. अण्णा दुपारी परतणार होते. करीचा दिवस, औतं बंद, अर्धं गाव त्यांच्या ओसरीवर बसलेलं असणार.

"तिकडंच चला. त्यांच्यासमोर सोडू," मी म्हणालो.

"तवर दम निघंल का तिला?"

"रिवाज आहे, किसनराव."

ओसरीवर जाऊन बसलो. बाई कण्हत होती. मग कण्हणं थांबलं.

"आता दुखून न्हाई राहिलं," ती म्हणाली.

किसनला बरं वाटलं. मला याचा अर्थ ठाऊक होता: हात बधिर होत चालला होता. तरी मी बसून राहिलो.

अण्णा आले. मी हँडबिल घेऊन उभा राहिलो. "मंडळी, बघा या पट्टीची करामत..."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बोटांकडे पाहिलं. जोडे न काढता वर चढले आणि चाकूने पट्टी उभी चिरली.

"भाषण मागून कर, पोरा. ही सकाळी तुझ्याकडं आली व्हती?"

"व्हय," किसनच बोलला.

"मंग काहून सोडली न्हाईस?"

"तुमचाच रिवाज..."

"त्या रिवाजावर तर तू कागद छापला! मी वाचून घेतला की. बराबर लिव्हलं व्हतंस." मग ते लोकांकडे वळले. "घट्ट मीच बांधली. चूक माझी हाय."

हाड जुळलं. बोटं मात्र आत वळून आकडली ती कायमची. गंगाबाईला भाकरी थापता येत नाही. जाऊ थापते, ही चुलीपुढे बसून जाळ सारते. अण्णा आठ-आठ दिवसांनी जाऊन तिची बोटं चोळून देतात.

आणि त्यांची ओसरी? आणखी भरली. चूक कबूल करणारा वैद्य म्हणून आता कळमनुरीहून गाड्या येतात. माणसाची चूकसुद्धा त्याला पेशंट मिळवून देते, हे मला आजही सोसत नाही. धंदा वाढवायचा तर समोरच्या हाताकडे बघावं लागतं. मी त्यांच्या ओसरीकडे बघत होतो.

तुमच्या घरात कोणाचा हात किंवा पाय बांधलेला असेल, तर हा कागद खाली ठेवा आणि आत्ता जाऊन त्याचं नख दाबा. लाली लगेच परत आली नाही तर पट्टी तिथल्या तिथे सोडा, मग दवाखाना गाठा. पट्टी बांधणाऱ्याची परवानगी मागत बसू नका. ती मी बांधलेली असली तरी.