लाँड्रीतला कट

आमच्या दादाला समाजाची भारी काळजी. आधी तो चौकाचौकांत नाटकं करायचा. खरे कामगार आणून त्यांचंच बोलणं त्यांच्याकडून बोलून घ्यायचा. मग माहितीपट काढू लागला. तिथेही तेच, फक्त एकेक वाक्य चार-चार वेळा. "अगदी सहज बोला," असं तो दरडावून सांगतो. समाज आहे तिथेच आहे, दादाचं टक्कल तेवढं वाढलं.

या खेपेला विषय घरातलाच निघाला. आमची आत्या इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. तिथली एकुलती एक खिडकी खिळे ठोकून बंद. उघडली तर धूळ बसते म्हणे. वाफेने बायकांना घेरी यायची. मागच्या महिन्यात आत्याही पडली. इस्त्रीवर पडली असती तर, या धास्तीने मी तिला नोकरी सोडायची गळ घातली. दादाला मात्र हुरूप आला.

'स्वच्छतेवर माहितीपट' अशी थाप मारून त्याने परवानगी मिळवली. माइक धरायला धाकटी बहीण म्हणून मी होतेच. कुणी जरा अडखळलं की दादा खेकसायचा, "कट!" बाहेर मुकादम दाराला कान लावून. त्याने थेट मॅनेजरला गाठलं.

"साहेब, आत बायकांचा कट चाललाय. तो टकल्या स्वतःच ओरडून सांगतोय!"

मॅनेजर मुकादमाला घेऊन तरातरा आला, दार लावून घेतलं. "कोण कोण सामील आहे?"

बायकांना हसू आवरेना. कट म्हणजे तो कट नव्हे, हे दादा समजावू लागला. आणि दादाचं समजावणं म्हणजे पार कॅमेऱ्याच्या जन्मापासून. मॅनेजरचा शर्ट अंगाला चिकटला, चष्म्यावर वाफ धरली. शेवटी भिंत धरून तो मटकन खाली बसला.

"आधी खिडकी उघडा!"

मुकादमानेच खिळे उपटले. वारा आत आला. मला इतका आनंद झाला की मी आत्याला मिठीच मारली. दादा कपाळाला हात लावून उभा. 'कट' म्हटल्यावर कॅमेरा बंद केला होता.

"साहेब," तो अजिजीने म्हणाला, "खिळे परत ठोकू या? एकदाच. मग तुम्ही तसेच मटकन बसा."

मॅनेजर काही बोलायच्या आत आत्या उठली. "ठोक की. आधी ह्या चादरी कर, मग ठोक."

दादाने इस्त्री हातात घेतली. तिसऱ्या चादरीला तो खिडकीपाशी जाऊन धापा टाकू लागला.

"खिळे कुठेत?" त्याने मुकादमाला विचारलं.

मुकादमाने खिशातून काढून दिले. मॅनेजरच्या देखत दादाने ते खिडकीबाहेर भिरकावले.